श्रावणात पेटलेलं चुलवाण

बनाक्का आडवी झालेली मी कधीही पाहिली नाही. गुऱ्हाळघराच्या भिंतीला कडब्याच्या पेंढ्या लावायच्या, त्यांवर घोंगडं टाकायचं, त्याला पाठ टेकायची आणि पाय पसरून बसल्याबसल्याच डोळे मिटायचे, अशी तिची झोप. लहानपणापासून दमा होता. आडवं झालं की छातीवर जात्याची पाळ ठेवल्यासारखं व्हायचं. पण कुणी विचारलं तर दम्याचं नाव काढायची नाही. म्हणायची, "आडव्या पडलेल्या माणसाला लोक वलांडून जात्यात. मी आपली बसूनच बरी."

ती माझी थोरली चुलतसासू, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. नवरा तरुणपणीच गेला, पोटी मूल नाही. वाटणीत ओढ्याकाठचं गुऱ्हाळ तिच्याकडे आलं. बाईनं गुऱ्हाळ चालवायचं नसतं, असं गावाचं म्हणणं. बनाक्काचं म्हणणं, "बाई हाय का बाप्या हाय, ऊस इचारत न्हाई. त्यो गोडच हुतोया." गाव इस्लामपूरच्या अलीकडचं. उसात बुडालेलं, आणि एकमेकांच्या भानगडीत त्याहून जास्त.

मी साताऱ्याच्या शुक्रवार पेठेतली. फायनल पास झालेली, पाठीवर दोन वेण्या, आणि नाक त्या वेण्यांहून उंच. लग्नाची हळद उतरायच्या आत आमचे हे पलटणीत परतले, कारण लढाई सुरू होती. आणि मी राहिले सासूबाईंच्या हाताखाली. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंनी पहिलं काम दिलं ते हे, की रोज दुपारी बनाक्काची भाकरी गुऱ्हाळावर पोचवायची.

पहिल्याच दिवशी गेले तेव्हा बनाक्का डोळे मिटून बसली होती आणि तिच्या मांडीवर बैलाचा कासरा गुंडाळून ठेवलेला होता. थाळी ठेवायला जागा हवी म्हणून मी तो कासरा उचलला. दोरीला साप समजणारे जगात पुष्कळ असतील. सापाला दोरी समजून दोन्ही हातांनी उचलणारी मी एकटीच असेन. कासऱ्यानं जीभ काढली. पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी भिंतीला उभ्या केलेल्या, रस उकळायच्या भल्यामोठ्या काहिलीच्या कडेवर चढले होते आणि खालून शांत आवाज येत होता.

"उतर खाली. काईल पोचंल."

"साप... साप आहे तिथे."

"साप न्हवं ती. माझी कारभारीण हाय. आन् भाकरीवर मिरचीचा खरडा आणलायस का इसारलीस?"

कारभारीण म्हणजे धामण. ऊस तोडताना कोयता लागून शेपटीचं टोक गेलेलं एक पिल्लू बनाक्काला सरीत सापडलं. तिनं त्याला हळद लावली, गुळाच्या रिकाम्या पाटीत ठेवलं, आणि ते तिथंच वाढून माणसाएवढं लांब झालं. गुऱ्हाळ म्हटलं की उंदीर आलेच. बनाक्काच्या गुळाला मात्र उंदराचा दात लागत नसे. "माझा समदा कारभार हीच बघती," ती म्हणायची. "नवऱ्याला कारभारी म्हणायची पद्धत हाय. त्यो तर एक उंदीर न मारता ग्येला."

मला तिनं नाव ठेवलं फायनल. "फायनल, घमेलं आण." "फायनल, साप चावत न्हाई, तूच तिला चावशील." मी पुस्तकातला धडा आठवून एकदा तिला सांगितलं की धामण बिनविषारी असते. ती म्हणाली, "आसं व्हय? मग काईलीवर का चढली हुतीस?"

त्या वर्षी चैत्रात तिचा दमा फार बळावला, म्हणून तिला मिरजेला दाखवायला नेलं. सोबतीला मी. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, "कोरड्या, उबदार जागी बसा. धाप लागली असताना कुणी जबरदस्तीनं काही पाजलं तर पिऊ नका." बनाक्काला हे डॉक्टर फार पटले, कारण तेही बसूनच बोलत होते. परतताना टांगा एका गल्लीत थांबला. समोरून लिंगायतांची प्रेतयात्रा येत होती. म्हातारी फुलांनी सजवलेल्या मखरात ताठ बसलेली, कपाळभर भस्म, पुढे वाजंत्री. बनाक्का टांग्यातून अर्धी बाहेर झुकली.

"फायनल, बघ. कशी ऐटीत चाललीया. मेल्यावरबी बसून." गल्ली संपेपर्यंत ती मागे वळून बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्यात मेलं उताणं बांदत्यात. लाकडाची मोळी बांदल्यागत."

त्या साली श्रावणात ऊन म्हणून पडलं नाही. झड लागली ती लागलीच. भिंतींना बुरा आला, मिठाचं पाणी झालं, आणि कारभारणीनं उंदीर धरायचं सोडलं. एका दुपारी भाकरी घेऊन गेले तर ती पाटीच्या काठावर मान टाकून, तोंड वर करून, जबडा उघडा ठेवून बसलेली. नाकपुडीशी बारीक बुडबुडा यायचा आणि फुटायचा. बनाक्का तिच्याशेजारी तशीच बसलेली, तोंड तसंच अर्धं उघडं.

"हिकडं ये. कान लाव."

मी जिथे होते तिथूनच कान लावला.

"फायनल, तितनं माझी छाती ऐकू यायची. हिची न्हाई. म्होरं सरक."

सरकले. ओल्या भात्यातून वारा जावा तसा आवाज येत होता. तोच आवाज बनाक्काच्या छातीतही होता. दोघींचा एकापाठोपाठ एक. मला हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. बनाक्काच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काळजी पाहिली. "मला तरी सांगता येतंय," ती म्हणाली. "हिला कोण इचारणार?"

पंचमी तोंडावर आली होती. आमच्या भागात नागपंचमीचा केवढा थाट, ते मी सांगायला नको. शेजारच्या शिराळ्याला खरे नाग पुजतात. आमच्या गावात वारुळापाशी जायचं, दूध-लाह्या वाहायच्या, त्या दिवशी काही चिरायचं नाही, खणायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. ठेवला तर नागाच्या फण्याला चटका बसतो. ओढ्यावर धुण्याला आलेल्या कुण्या बाईनं गुऱ्हाळात डोकावलं, कारभारणीची वर केलेली मान आणि उघडं तोंड पाहिलं, आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं की आक्काच्या धामणीत देव आलाय, तोंड उघडून दूध मागतोय. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, ही तर गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. मग देवानं मागितलं तर नवल काय?

पंचमीच्या सकाळी मी तिचं जेवण न्यायच्या आधीच बनाक्काचा निरोप आला, फायनलला पाठवा. गेले तर ती चुलवाणासमोर उकिडवी बसलेली. चुलवाण म्हणजे काहिलीखालची ती भलीमोठी भट्टी; गुऱ्हाळ सुटलं की फाल्गुनापासून दिवाळीपर्यंत त्यात मांजरं वितात. बनाक्कानं रस काढलेल्या उसाची कोरडी चिपाडं आत सारली होती.

"लाव काडी. मला वाकून फुकाय जमत न्हाई."

"आक्का, आज पंचमी आहे."

"तिला ठावं हाय का?"

काडी लावली. चिपाडानं धडाधड पेट घेतला आणि दूरच्या टोकाच्या धुराड्यातून काळा धूर उसळून पावसात उभा राहिला. बनाक्कानं पाटी उचलून चुलवाणाच्या अलीकडच्या ओट्यावर ठेवली, जिथे धूर येत नाही पण दगड तापतो. कारभारणीची मान स्वतःच्या गुडघ्यावर उंच टेकवून घेतली. म्हणाली, "आता कुणीबी येऊ दे."

कुणीबी म्हणजे पहिले पाटील आले. छत्री घेऊन, घाम पुसत.

"आक्का, घरोघरी आज तवासुदीक चढत न्हाई, आन् तुमी चुलवाण पेटवलंया?"

"तवा कुटं चढवलाय मी? काईलबी पालथी हाय. आत येऊन बघा."

"आवं, धूर पार वेशीवरनं दिसतोया. श्रावणात कोण ऊस गाळतंय? फौजदाराच्या कानावर ग्येलं तर म्हणंल, कुणाला लपवलंया. दिवस कसलं हाईत ठावं हाय न्हवं?" ते भूमिगतांचे दिवस. उसाच्या फडात, गुऱ्हाळात पोरं लपायची आणि पोलीस धूर पाहून यायचे.

"लपवलंया की," बनाक्का म्हणाली. "एक लांबडं लपवलंया म्हणावं. आजारी हाय. धरून न्हेयाचं आसंल तर या, पर घोंगडं घेऊन या, तिला गारठा बाधतोया."

पाटलांनी पाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि छत्री पुन्हा उघडली. जाताना म्हणाले, "औंदा तुमच्या गुऱ्हाळावर गाव ऊस घालणार न्हाई, बघा." बनाक्का म्हणाली, "नगा घालू. माझा मीच गाळीन."

त्यांच्या पाठोपाठ बायका आल्या. पुढे माझ्या सासूबाई, हातात दुधाची वाटी. आत्याबाई गरीब स्वभावाच्या. मोठ्या जावेपुढे आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. पण समुद्रापलीकडे गेलेल्या मुलाची खुशाली कित्येक महिने आली नव्हती, आणि त्या महिन्यांत त्या भाकरीचा घाससुद्धा मोजून खात होत्या.

"आक्का," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या उंबऱ्याशी कदी काय मागितलं न्हाई. पोरगं तिकडं लढाईत हाय. देव तोंड उघडून बसलाय. एवढं दूध पाजू द्या."

बनाक्कानं मान हलवली. आवाज मात्र खाली आणला. "सगुणा, पोरगं तुझं हाय तसं माझंबी हाय. पर हिच्या तोंडात आत्ता थेंब ग्येला तर त्यो पोटात जायाचा न्हाई, छातीत उतरंल. बुडून मरंल ती. तोंड मागाय उघडलेलं न्हाई. वारं घ्यायला उघडलंया."

"साऱ्या गावाला दिसतंय, दूध मागतीया."

"साऱ्या गावाला वळीनं उताणं निजवा, छातीवर एक-एक पाटा ठेवा, आन् तोंड उघडलं की दूध वता. मग इचारा, काय मागत हुता म्हणून."

कुणीतरी मागून म्हणालं, "आन् पोराचं काय बरंवाईट झालं तर?"

चिपाडं तडतडत होती आणि तो ओला भाता चालू होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कुंकू माझं होतं. बनाक्कानंही पाहिलं.

"व्हय गं फायनल. नवरा तुझा. तू काय म्हणतीस?"

आता इथे मी मोठं काहीतरी बोलले असं लिहायला हात शिवशिवतो. नातवंडांना मी एक-दोनदा तसं सांगितलंही आहे. खरं म्हणजे आदल्या दिवशीचा भावाचा उपास, पुरणाची दिंडं अजून घरी चाळणीतच, आणि त्या दुधात वेलदोडा नि गूळ होता. मी वाटीकडे पाहत होते. बनाक्कानं ते ओळखलं. तिनं आत्याबाईंच्या हातातून वाटी घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"पी. कुणाच्या आयुष्याला आणलंया? हिच्या कुकवाच्या. मग हिच्याच पोटात जाऊ दे."

प्याले. एका दमात, ओठाला साय लावून. बायकांनी पदर तोंडाशी नेले. गावात पुढे कित्येक वर्षं सांगत, सातारची सून कशी देवाला आडवी गेली. आडवी कसली, भुकेली होती.

आत्याबाईंनी रिकामी वाटी घेतली, आत डोकावून पाहिलं, आणि पावसात निघून गेल्या. गौरी येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

चुलवाण आम्ही विझू दिलं नाही. मी चिपाडं सारायची, बनाक्का मान धरून बसायची. मधेच तिलाच उबळ आली की ती म्हणायची, "धर हिला, मला खोकाय दोन्ही हात लागत्यात." पहिल्या वेळी मी डोळे मिटून धरली. मग उघडे ठेवून. सापाचा घसा तळहातावर धरलात तर श्वास कळतो, बारीक खरखर हाताला लागते. मला आपलं वाटायचं, ही खरखर थांबली तर तिकडे समुद्रापलीकडेही काहीतरी थांबेल. फायनल पास असून वाटायचं. बनाक्काला सांगितलं असतं तर तिनं मला चुलवाणात घातलं असतं.

एका सकाळी हाताला काहीच लागेना. खरखर नाही, बुडबुडा नाही. मी रडायला लागले.

"गेली, आक्का."

बनाक्का वाकली, बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मेली न्हाई, खुळे. बरी झाली. बऱ्या जीवाच्या श्वासाला आवाज नसतुया." आणि कारभारणीनं जीभ काढून माझ्या मनगटाचा वास घेतला. मी काहिलीवर चढले नाही, याची नोंद कुणीच घेतली नाही.

दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागलं तेव्हा पाटलांचा शब्द काही घरांनी पाळला. बनाक्कानं आपला ऊस आपण गाळला. चुलवाणावर जाळ घालायला मी, म्हणजे गुळाला कधी करपा, कधी कच्चा, असा दर्जा. "ह्यो गूळ फायनल झाला न्हाई," ती म्हणायची. मग हळूहळू गाड्या यायला लागल्या, कारण दुसऱ्या गुऱ्हाळांवर उंदरांनी ढेपा पोखरल्या होत्या आणि गावाला देवापेक्षा गुळाची काळजी जास्त.

लढाई संपली आणि आमचे हे परतले. धड, हातीपायी शाबूत. आत्याबाई म्हणाल्या, पंचमीचं दूध पावलं. बनाक्का म्हणाली, "पावलं की. सुनेचं अंगबी भरलं." ज्या माणसानं तोफांचे आवाज ऐकले होते तो गुऱ्हाळघरात गेला आणि कारभारणीला पाहून माझ्याच काहिलीवर चढला. त्या दिवसापासून मला हा नवरा आवडायला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात कारभारीण गेली. कात टाकून, ओढ्याच्या बाजूच्या भगदाडातून. मी वाट पाहत होते, बनाक्का पाहत नव्हती. "आपल्या पोटानं ग्येली," ती म्हणाली. "कुणाच्या खांद्यावरनं न्हाई. आनि काय पायजे?"

त्यानंतर आणखी एक ओला श्रावण आला, आणि बनाक्काची पाळी आली. मी पोचले तेव्हा गुऱ्हाळघर बायकांनी भरलं होतं. तिची मान मागे गेलेली, तोंड उघडं, छातीत तोच भाता. कुणी म्हणत होतं, खाली घ्या, भुईवर निजवा. कुणी तुळशीचं पान शोधत होतं. माझ्या हातात कुणीतरी पाण्याची वाटी दिली, "घाल गं तोंडात, शेवटचं हाय," आणि मी, कारभारणीचा घसा ज्या हातानं धरला होता त्याच हातात ती वाटी घेऊन खुळ्यासारखी उभी राहिले. एवढी माणसं एकदम तेच म्हणायला लागली की आपलं डोकं कुठे जातं कोण जाणे.

दारातून आवाज आला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, म्हणून आधी ओळखलाही नाही.

"निजवू नका तिला. हात लावायचा न्हाई कुणी."

आत्याबाई होत्या. चिखलात पाय, डोक्यावर पोतं. त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली, क्षणभर पाहिली, आणि परत माझ्यापुढेच धरली.

"तूच पी," त्या म्हणाल्या. "तोंड मागाय उघडलेलं न्हाई तिचं. जा, चिपाडं आण. चुलवाण पेटव."

मी पाणी प्याले आणि चिपाडं आणायला धावले. त्या दिवशीही धूर वेशीपर्यंत दिसला असणार. पण विचारायला कुणी आलं नाही. आत्याबाई बनाक्काला छातीशी टेकवून बसवून बसल्या होत्या. चुलवाणाचे दगड तापले, आणि बऱ्याच वेळानं बनाक्कानं डोळे उघडून विचारलं, "काईल पालथी घातलीया न्हवं?"

त्यावर ती दोन हंगाम जगली, गावाला शिव्या घालत. गेली ती माघात, काहील उकळत असताना, भिंतीला टेकून. गूळ रांधणारा गुळव्या तिला विचारायला गेला, पाक उतरवू का, तेव्हा कळलं. आवाज नव्हताच मुळी.

पुरुष मंडळी बांबू बांधायला लागली. आत्याबाई अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "ती बसून जाईल."

पाटील म्हणाले, "वैनी, आपल्यात आसं न्हेत न्हाईत."

"आपल्यात श्रावणात चुलवाणबी पेटवत न्हाईत. तिनं पेटवलं, मीबी पेटवलं. गाव बुडालं का? तुमच्याकडं ती हातांची खुर्ची हाय, ती पाठवून द्या."

गावात खुर्ची ती एकच. ती आणायला पाटलांनी गडी पाठवला. खुर्चीला बांबू बांधले, बनाक्काला बसवलं, पाठीशी तिचंच घोंगडं दिलं. आत्याबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बघा आक्का, मिरजंच्या म्हातारीपरास उंच." ती गोष्ट मी घरी येऊन सांगितली होती, त्यांनी ध्यानात ठेवली असेल असं वाटलं नव्हतं.

त्या काळी बायका स्मशानात जात नसत. मी वेशीपर्यंत गेले. ओढ्याच्या उताराला सगळी पागोटी एकेक करून खाली गेली, आणि त्यांच्या वर तिचं डोकं तेवढं दिसत राहिलं, ताठ. पुढे तिकडे तिला काय केलं असेल ते केलं असेल. मी पाहिलेलं नाही.

मी मात्र दुपारचं जेवण झालं की आडवी होते. चांगली घोरते, असं सगळे सांगतात. परवा नात पळत आली आणि मला ओलांडून स्वयंपाकघरात गेली.

मी उठून बसले.